ताशी चाळीस हजारांचं करायचं काय?

मशीन विकायला आलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत एक आकडा सांगतो. ताशी चाळीस हजार पार्ट. कधी तीस असतात, कधी पन्नास, पण आकडा असतोच. तो सांगून झाला की माणूस जरा थांबतो, आपल्याला भारावून जायला वेळ मिळावा म्हणून. मी बारा वर्षं भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये सर्किट बोर्डांच्या असेंब्लीचं काम बघते. आमच्यासारख्या कितीतरी युनिटांमधली मशिनं आता म्हातारी झालीत, ती बदलायची वेळ आलीय, आणि विक्रेते, बँका, सल्लागार, सगळे जण याच एका आकड्याच्या भरवशावर आम्ही काय घ्यावं ते सांगतायत. तो आकडा नुसता निरुपयोगी असता तर मी लिहायला बसले नसते. तो छोट्या युनिटांना बुडवतो.

हे मशीन करतं काय, ते आधी सांगते. तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय त्याच्या आतल्या बोर्डावर शेकडो पार्ट असतात आणि त्यातले पुष्कळसे मोहरीच्या दाण्याहून लहान असतात. बोर्डावर आधी स्टेन्सिल ठेवून सोल्डर पेस्ट लावतात. मग पिक अँड प्लेस मशीन एकेक पार्ट हवेच्या ओढीनं नोझलवर उचलतं आणि पेस्टवर नेमक्या जागी ठेवतं. मग बोर्ड रीफ्लो ओव्हनमधून जातो, पेस्ट वितळते, पार्ट पक्के बसतात. पार्ट येतात रिळावर. जुन्या सिनेमाच्या फिल्मसारखी आठ मिलिमीटर रुंदीची पट्टी, तिच्यात ओळीनं खळगे, प्रत्येक खळग्यात एक पार्ट, वरून पातळ प्लास्टिकचं झाकण. ही पट्टी पुढे पुढे सरकवणारं जे यंत्र असतं ते फीडर. जितक्या प्रकारचे पार्ट तितके फीडर. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, सगळं भांडण त्याच्यावरूनच आहे.

फोनचा बोर्ड लाखांनी बनतो. एकदा रिळं लावली की तेच मशीन तोच बोर्ड आठवडेच्या आठवडे बनवत राहतं. तिथे ताशी चाळीस हजार म्हणजे खरोखर पैसा. आमच्याकडे येणारे लॉट असे असतात: दूध संकलन केंद्रावर फॅट मोजणाऱ्या यंत्राची साठ कार्डं. शेतातला पंप मोबाइलवरून चालू-बंद करायच्या स्टार्टरची दोनशे. लिफ्टच्या पॅनलची चाळीस. वजनकाट्याच्या डिस्प्लेची शंभर. नवजात बाळांच्या वॉर्मरचं तापमान सांभाळणारं कार्ड, तीस नग. आणि ही पार्टी पुढच्या वेळी थेट सहा-सात महिन्यांनी येणार, तेही बोर्डात दोन बदल करून. आठवड्यात आठ-दहा जॉब, आणि एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही.

आता एक हिशोब मांडते. उदाहरणाचा आहे, पण आमच्या रोजच्या कामापासून लांबचा नाही. साठ बोर्डांचा लॉट, एका बोर्डावर १६० पार्ट, त्यांचे प्रकार ४२. म्हणजे एकूण ९,६०० पार्ट ठेवायचे. जुनं मशीन खऱ्या कामात ताशी चार हजार ठेवतं असं धरा. १४४ मिनिटं लागली. नवं मशीन कागदावर चाळीस हजारांचं असलं तरी छोट्या-मोठ्या पार्टांच्या मिसळीत, नोझल बदलत, तेवढं कधीच देत नाही. सोळा हजार धरा. ३६ मिनिटं. वाचले १०८ मिनिटं. विक्रेता इथेच थांबतो आणि पेन पुढे करतो.

पण मशीन सुरू व्हायच्या आधी ४२ रिळं लावायची असतात. रीळ शोधा, फीडरवर चढवा, पट्टी ओवा, वरचं झाकण सोलून मागे अडकवा, पहिला पार्ट नोझलच्या बरोबर खाली येतो का बघा, आणि दुसऱ्या माणसाकडून नंबर तपासून घ्या. तपासावंच लागतं, कारण बारीक सिरॅमिक कपॅसिटरवर काहीही छापलेलं नसतं. दोन रिळांची अदलाबदल झाली तर साठच्या साठ बोर्ड दिसायला सुंदर आणि चालायला बंद. रिळामागे चार मिनिटं धरली तर १६८ मिनिटं. मग पहिला बोर्ड बनवून भिंगाखाली तपासायचा, ती ४५. म्हणजे जुन्या मशीनवर सगळं मिळून ३५७ मिनिटं, जवळजवळ सहा तास. नव्यावर २४९, चार तासांच्या वर. त्यातला बहुतेक वेळ नवंकोरं मशीन दिवे लावून नुसतं उभं.

आता तेच जुनं मशीन घ्या, त्याच ताशी चार हजारांचं. त्याला जादा फीडर घ्या. सगळ्या जॉबांत लागणारे पंचवीस पार्ट मशीनवर कायमचे लावून ठेवा, काढायचेच नाहीत. उरलेले सतरा, आधीचा जॉब चालू असतानाच बाजूला टेबलावर जादा फीडरांवर चढवून, तपासून तयार ठेवा. मशीन थांबलं की सतरा फीडर काढून सतरा घालायचे, एका मिनिटाला एक. १४४ अधिक १७ अधिक ४५, म्हणजे २०६ मिनिटं. चौपट वेगाच्या नव्या मशीनपेक्षा त्रेचाळीस मिनिटं आधी जुन्या मशीननं काम संपवलं.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी जेएलसीपीसीबी या चिनी सेवेचं दरपत्रक वाचावं. इंजिनीअरिंगला असाल तर तुमच्यातल्या निम्म्यांनी वाचलेलंच असेल, प्रोजेक्टचे बोर्ड तिथूनच मागवता ना! त्यांच्याकडे पार्टांच्या दोन याद्या असतात. ‘बेसिक’ यादीतले पार्ट त्यांच्या मशीनवर कायम चढवलेले असतात, त्यांना जादा पैसे नाहीत. ‘एक्स्टेंडेड’ यादीतला पार्ट वापरलात की प्रत्येक प्रकारामागे लोडिंगचे वेगळे डॉलर. ऑर्डर देताना ही रक्कम बघून आपण चडफडतो. पण जगातली सगळ्यात जास्त छोटे लॉट करणारी मंडळी तुम्हाला उघडउघड सांगतायत की पार्ट ठेवणं जवळजवळ फुकट असतं, पैसे लागतात ते फीडर बदलायला. आमच्या इथे येणाऱ्या एकाही माहितीपत्रकात फीडर बदलायला लागणारा वेळ मी ठळक अक्षरात छापलेला पाहिलेला नाही.

मग काय, जुनंच चालवत राहायचं?

अजिबात नाही. मला नवं मशीन हवंय. वरच्या हिशोबात नवं मशीन आणि जादा फीडर दोन्ही घातले तर काम ९८ मिनिटांत होतं, हे मलाही दिसतं. ‘जुनं ते सोनं’ म्हणणाऱ्यांचा मला विक्रेत्यांइतकाच राग येतो. या लोकांचा एक ठरलेला किस्सा असतो: बघा, आमचं मशीन पंचवीस वर्षांचं, अजून लोण्यासारखं चालतं. चालतं खरं. पण ते कुणाच्या जिवावर चालतं? एका काकांच्या. त्या काकांनाच ठाऊक असतं की सकाळी थंडीत मशीन चालू केलं की दोनदा होमिंग करावं लागतं, सातव्या फीडरच्या खाली कागदाची घडी सरकवावी लागते आणि तिसऱ्या नोझलची स्प्रिंग बदललेली आहे, तिच्याकडे बघून घाबरायचं नाही. काका आजारी पडले की लाइन आजारी. याला आपण कौतुकानं जुगाड म्हणतो. माझ्या मते ही चक्क बेफिकिरी आहे. कामाची माहिती लिहून ठेवायला कुणाला वेळ नव्हता आणि काकांनी ती गेली वीस वर्षं डोक्यात वाहिली.

मशीन नेमकं कुठे म्हातारं होतं ते बघायला हवं. लोखंड म्हातारं होत नाही. जपानी मशिनांच्या रेल आणि स्क्रू वंगण दिलं तर आपल्यापेक्षा जास्त जगतील. पट्टे, फिल्टर, ओ-रिंगा बदलता येतात. आधी जातो तो त्याला जोडलेला कॉम्प्युटर. विंडोज एनटीवर चालणारी मशिनं अजून कामावर आहेत. प्रोग्राम फ्लॉपीवर, हो, तुम्ही ‘सेव्ह’चं चिन्ह म्हणून ओळखता तीच. फ्लॉपीच्या जागी पेन ड्राइव्ह लावायचं एक छोटं यंत्र मिळतं आणि हार्ड डिस्कची नक्कल मेमरी कार्डावर करून ठेवता येते. हे दोन उपाय ज्यांनी अजून केले नाहीत त्यांनी हा लेख बाजूला ठेवून आधी ते करावेत. पण मोटारी हलवणारं जे कार्ड आत बसलेलं असतं ते आजच्या कुठल्याही मदरबोर्डात बसत नाही, आणि ते गेलं की मग दुसऱ्या कुणाच्या तरी भंगारात शोधाशोध.

त्यानंतर जाते नजर. बऱ्याच जुन्या मशिनांत पार्ट सरळ करायला कॅमेरा नाही, लेझर आहे. तो पार्टची बाजूनं सावली बघतो. ज्याचे पाय बाहेर आलेत अशा पार्टला ते पुरतं. आजच्या चिपांचे पाय पोटाखाली असतात, ते खालून बघितल्याशिवाय कळत नाहीत. आणि पार्ट लहान होतायत. पूर्वी डिझाइनमध्ये ०६०३ मापाचे पार्ट असायचे, १.६ बाय ०.८ मिलिमीटर. (ही मापं इंचातली आहेत, नंबर वाचून मिलिमीटर समजणाऱ्यांची दरवर्षी एक नवी तुकडी येते.) आता ०४०२ येतात, १ बाय ०.५. यात ग्राहकाची हौस नाही. २०१८ मध्ये जगभर सिरॅमिक कपॅसिटरचा तुटवडा झाला तेव्हा मोठ्या उत्पादकांनी मोठ्या मापांच्या मालाकडून हात आखडता घ्यायला सुरुवात केली. दूध मोजायच्या यंत्राला मोहरीएवढा कपॅसिटर लागत नाही, पण बाजारात तोच सहज मिळणार असेल तर तोच बसवावा लागतो. जुनं मशीन तो अर्धा वेळ तिरका ठेवतं. मग लाइनवरच्या ताई भिंगाखाली मान वाकवून चिमट्यानं एकेक सरळ करत बसतात, संध्याकाळी सहा वाजून गेले तरी. मशीन बदलायचं हे खरं कारण आहे. ताईंची मान कुठल्याच माहितीपत्रकात नसते.

आणि कंपन्याच राहत नाहीत. फिलिप्स, सीमेन्स, सोनी, सॅमसंग ही नावं तुम्हाला टीव्ही-फोनमुळे माहीत आहेत. या चौघांचाही पिक अँड प्लेस मशिनांचा धंदा होता आणि चौघांनीही तो सोडला. सीमेन्सचा २०११ मध्ये एएसएम पॅसिफिककडे गेला. सोनीचा २०१३ मध्ये जुकीकडे. फिलिप्सचा हातोहात फिरून २०१५ मध्ये कुलिकी अँड सोफाकडे, आणि त्याच वर्षी सॅमसंग टेकविन हान्वाकडे गेली. धंदा विकायला माझी हरकत नाही. पण मशीनचं आयुष्य वीस वर्षांचं आणि मालकाचं दहाचं असेल तर पुढची दहा वर्षं सुटे भाग आणि सॉफ्टवेअर कुणी द्यायचं, हे खरेदीच्या दिवशीच कागदावर हवं. ते नसतं. एका कंपनीचा फीडर दुसरीच्या मशीनवर बसत नाही. कधी कधी एकाच कंपनीच्या जुन्या मालिकेचा फीडर नवीवर बसत नाही. प्रोग्रामची फाइल कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय उघडत नाही, आणि सॉफ्टवेअर डोंगलशिवाय. डोंगल हरवला की तुमच्याच बोर्डाची माहिती तुम्हाला वाचता येत नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात घेतली. चांगलंच झालं. तुमचा फोन दुरुस्त करायचा हक्क हा निदान बोलण्याचा विषय झाला. पण ज्या मशीनवर अशा वस्तूंचे बोर्ड बनतात ते दुरुस्त करायच्या हक्काबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. कारखानदार म्हणजे ग्राहक नव्हे, त्याचं तो बघून घेईल, असा एकूण समज. आठ माणसांचं युनिट परदेशी कंपनीशी काय बघून घेणार?

तर अशा परिस्थितीत आम्ही ‘योग्य’ खरेदी करायला निघतो. नव्या मशीनचं कोटेशन येतं तेव्हा त्यात वीसेक फीडर धरलेले असतात. बाकीचे वेगळे. नामांकित कंपनीचा एकेक नवा फीडर चांगल्यापैकी स्मार्टफोनच्या किमतीला पडतो. शंभर फीडर लागणार असतील तर शंभर फोनांची किंमत डोळ्यांसमोर आणा. मग मालक मंडळी काय करतात, तर वेगवान मशीन घेतात आणि फीडरांत काटकसर करतात. मोठा घोडा घ्यायचा आणि नाल ठोकायला पैसे नाहीत म्हणायचं. माझ्या माहितीत असं एक युनिट आहे. नाव सांगत नाही, माणसं भली आहेत. त्यांच्याकडे मशीन देखणं, हप्ता त्याहून देखणा, आणि जॉब बदलायला अजून अर्धा दिवस. हप्ता भरायला मोठे लॉट हवेत म्हणून ते एलईडी बल्बांच्या ड्रायव्हरमागे लागले. तिथे दर नगामागे पैशांत भांडण, कारण पलीकडे खरोखरच लाखांनी काम करणारे आहेत. मधल्या काळात वॉर्मरच्या तीस कार्डांसारखं काम त्यांनी नाकारलं. ज्या कामात त्यांना कुणी हरवू शकत नव्हतं तेच हातचं सोडलं.

हे फक्त त्यांचं नुकसान नाही. हे कार्ड पहिल्यांदा बनवणाऱ्या पोरांना तीस नग बनवून देणारं कुणी जवळपास नसेल तर ती शेन्झेनला ऑर्डर देतात. स्वस्त पडतं, मान्य. पण बोर्ड चालला नाही तर तिथे जाऊन मशीनच्या शेजारी उभं राहता येत नाही. आमच्याकडे येता येतं. सकाळी पहिला बोर्ड बघून ‘ताई, हा डायोड उलटा दिसतोय’ म्हणता येतं आणि उरलेले एकोणतीस वाचतात. डिझाइन करणारा आणि बनवणारा एका छपराखाली उभे राहतात तेव्हा दोघंही शिकतात. हे मी दर आठवड्याला बघते.

बँकेचा अनुभवही ऐका. आम्ही जुन्या मशीनसाठी साठ सेकंडहँड फीडर, ते ठेवायच्या दोन ट्रॉल्या आणि रिळांचे बारकोड तपासायची व्यवस्था एवढ्यासाठी कर्ज मागायला गेलो होतो. नव्या मशीनच्या किमतीच्या मानानं रक्कम अगदीच बेताची. साहेब सभ्य होते, चहा पाजला. म्हणाले, “मॅडम, नवीन मशीनचं कोटेशन आणा, पंधरा दिवसांत करून देतो. हे फीडर मी तारण म्हणून दाखवू कसे? उद्या हप्ते थकले तर कुणाला विकू?” प्रश्न त्यांच्या जागेवरून रास्त आहे, म्हणून उत्तरही देते. चालू मॉडेलचे फीडर सेकंडहँड बाजारात मशीनच्या आधी खपतात, कारण ते प्रत्येकाला कमी पडत असतात. फॉर्मवर मात्र ‘यंत्राचे नाव’ असा एकच रकाना आहे, आणि त्यात फीडर बसत नाही.

सरकारचंही तेच. छोट्या उद्योगांनी तंत्रज्ञान सुधारावं म्हणून एक जुनी योजना होती, क्रेडिट लिंक्ड कॅपिटल सबसिडी. एक कोटीपर्यंतच्या यंत्रखरेदीवर १५ टक्के अनुदान. तिच्या नियमांत सेकंडहँड यंत्राला अनुदान नव्हतं आणि आहे त्याच तंत्राचं यंत्र बदलून घेण्यालाही नव्हतं. मार्च २०२०मध्ये तिची मुदत संपली. लगेच पुढच्या महिन्यात मोबाइल उत्पादनासाठीची पीएलआय योजना आली. भारतीय कंपन्यांसाठी गुंतवणुकीची अट चार वर्षांत २०० कोटींची. मार्च २०२५मध्ये केंद्रानं सुट्या भागांच्या उत्पादनासाठी २२,९१९ कोटींची योजना मंजूर केली. रांजणगावला इलेक्ट्रॉनिक्सचं मोठं क्लस्टर मंजूर झालं. हे व्हायला हवंच, कपॅसिटर इथे बनले तर मला आनंदच आहे. पण या सगळ्या कागदांत ‘लहान’ या शब्दाचा अर्थ काय असतो? एप्रिल २०२५पासूनच्या व्याख्येप्रमाणे यंत्रांत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक असली तर तुम्ही सूक्ष्म उद्योग. आमच्यासारखे यात बुडून जातील एवढी ती मर्यादा मोठी आहे. दोनशे कोटींची अट घालणाऱ्या योजनेत आम्ही धुळीचा कण, आणि सूक्ष्म उद्योगाच्या योजनेत आम्हाला नवीन मशीन घ्या म्हणतात. चालू मशीन चांगलं चालावं म्हणून मदत, असा कप्पाच नाही.

कुणी म्हणेल, मग स्वस्तातली चिनी टेबलावरची मशिनं घ्या. निओडेनसारख्या कंपन्यांची येतात. मी हाताळलीत. नमुन्याचे पाच-दहा बोर्ड करायला उत्तम. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, मोठा शोभेचा ओव्हन आणून ठेवण्यापेक्षा, यातलं एक मशीन असावं असं माझं मत आहे. ओपनपीएनपी नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, ल्युमेनपीएनपी नावाचं मशीन आहे ज्याचे आराखडे खुले आहेत. घरी बनवता येतं. रोज आठ तास, वर्षानुवर्षं चालणाऱ्या लाइनवर मी ते आज ठेवणार नाही. पण त्यांनी एक गोष्ट दाखवून दिली: फीडर आणि फाइल खुल्या ठेवता येतात. मोठ्या कंपन्या सांगतात तशी ती तांत्रिक अडचण नाही, तो धंद्याचा निर्णय आहे.

वाचणाऱ्यांत डिझाइन शिकणारे असतील तर त्यांच्याशीही थोडं भांडायचंय. एकाच बोर्डावर ४.७ किलोओहम, ५.१ आणि ५.६ असे तीन रेझिस्टर का? एलईडीला एक हवा, पुल-अपला एक हवा, आणि तिसरा कुठल्यातरी व्हिडिओतल्या सर्किटमधून जसाच्या तसा उचलला म्हणून? एलईडीला थोडा जास्त प्रकाश पडला तर कुणाचं काही बिघडत नाही. तीनाऐवजी एक ठेवलात तर माझे दोन फीडर मोकळे होतात, आठ मिनिटं वाचतात, आणि चुकीचं रीळ लागायच्या दोन जागा कमी होतात. आम्ही आमच्या पंचवीस कायमच्या पार्टांची यादी छापून प्रत्येक पार्टीला देतो. दहातले तीन वाचतात. उरलेले सात दर कमी करा म्हणून फोन करतात.

यंदा मशीन घेणाऱ्यांसाठी एक काम सांगते, ते विक्रेत्याच्या डेमोच्या दिवशी करायचं. डेमोला गेलात की मशीन आधीच चालू असतं, त्यांची रिळं लावलेली, त्यांचा बोर्ड, आणि डोकं असं सुळसुळत फिरतं की बघत राहावं. बघून घ्या, छान दिसतं. मग पिशवीतून आपले दोन जॉब काढा, सगळ्यात त्रासदायक असतील ते, आपली रिळं, आपले बोर्ड, कापलेल्या अर्ध्या पट्ट्यांसकट. आपल्या लाइनवरच्या ताईंना बरोबर न्या, साहेबांना एक वेळ नाही नेलं तरी चालेल. ताईंना फीडर हातात घेऊ द्या. विक्रेत्याला सांगा, पहिला जॉब लावा, पाच बोर्ड काढा, आणि मग दुसरा लावा. पहिल्या जॉबचा शेवटचा बोर्ड बाहेर आला की फोनमधलं स्टॉपवॉच चालू करायचं, आणि दुसऱ्या जॉबचा पहिला बरोबर बोर्ड ताईंनी तपासून खाली ठेवला की बंद करायचं. मधे कुणी चहाला बोलावलं तर नंतर येतो म्हणायचं.